दूरच्या भागीदाराबरोबर नवे तंत्रज्ञान घडवताना: छोट्या कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नोव्हेंबर १९९० मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळ बारा अभियंत्यांना घेऊन एआरएम ही कंपनी सुरू झाली. अभियंते एकॉर्न या संगणक कंपनीतून आले होते, भांडवल मुख्यतः ॲपलने घातले होते आणि चिप तयार करण्याची साधने व्हीएलएसआय टेक्नॉलॉजीने पुरवली होती. ॲपल आणि व्हीएलएसआय या दोन्ही कंपन्या घड्याळाने आठ तास मागे असलेल्या कॅलिफोर्नियात होत्या. स्वतःचा कारखाना नसल्याने एआरएमने प्रोसेसरचा आराखडा परवान्यावर देण्याचा मार्ग धरला. पुढे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीच्या मार्फत हा आराखडा फिनलंडच्या नोकियापुढे आला, तेव्हा नोकियाची हरकत अशी होती की या प्रोसेसरवर प्रोग्रॅमला मेमरी फार लागते आणि त्यामुळे फोन महाग पडतो. एआरएमने त्यावर १६ बिटांत बसणारा आटोपशीर आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांचा संच, तयार केला आणि त्याला थंब हे नाव दिले. पुढे मोबाइल फोनमध्ये या कंपनीचे प्रोसेसर सर्वत्र पसरले, त्यामागे या आज्ञासंचाचा मोठा वाटा आहे.

या घटनाक्रमात नड फिनलंडची होती, ती टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समार्गे केंब्रिजला पोहोचली आणि तिच्यावरचा तोडगा केंब्रिजमध्ये निघाला. तक्रार ऐकून आज्ञासंचालाच हात घालण्याची ताकद असलेली माणसे तिथे बसलेली नसती, तर ती तक्रार केवळ गमावलेले गिऱ्हाईक ठरली असती. दूरच्या भागीदाराकडून आपल्याला बहुधा अडचण, माहिती किंवा अर्धवट उत्तर मिळते, आणि त्याचे नव्या वस्तूत रूपांतर आपल्याच कामाच्या बाकावर होते. छोट्या कंपन्या भागीदार शोधण्यावर महिने घालवतात आणि त्याच्याकडून येणारे ज्ञान झेलायला घरात कोण आहे, याचा विचार करार झाल्यावर करतात. पुढील टप्प्यांची मांडणी हा क्रम सुधारण्याच्या हेतूने केली आहे. ती साधारणपणे पाच ते पन्नास माणसांच्या, स्वतःचे उत्पादन असलेल्या कंपनीला लागू पडेल.

पहिला टप्पा: उणीव एका पानावर लिहा

सुरुवात भागीदारांच्या यादीने करू नका. उत्पादनाचा नेमका कोणता भाग अडला आहे, तो का अडला आहे, आतापर्यंत काय करून पाहिले आणि कोणते मोजमाप मिळाले म्हणजे तो सुटला असे म्हणायचे, हे एका पानावर लिहा. "सेन्सरची अचूकता वाढवायची आहे" या वाक्यावर कोणताही तज्ज्ञ फक्त मान डोलावेल. त्याऐवजी "तापमान ४० अंशांच्या वर गेले की वाचन दोन टक्क्यांनी सरकते, ते अर्ध्या टक्क्याच्या आत आणायचे आहे, गणिती दुरुस्ती करून पाहिली, परंतु प्रत्येक नगाचे सरकणे वेगळे असल्याने ती चालली नाही" असे लिहिले, तर वाचणाऱ्या तज्ज्ञाच्या डोक्यात लगेच दोन-तीन शक्यता उभ्या राहतात. अशा पानामुळे परक्या माणसाशी होणाऱ्या पहिल्या संभाषणात एक आठवडा वाचतो.

पान लिहून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: हवी असलेली वस्तू स्वीकारायची की नाकारायची, हे ठरवणारी चाचणी आज पूर्ण लिहिता येते का? लिहिता येत असेल, तर सहकार्याच्या भानगडीत न पडता ते काम सरळ बाहेर करून घ्या. ते स्वस्त पडते आणि वादही कमी होतात. चाचणी लिहिता येत नसेल, म्हणजे काय मागायचे हेच अजून पुरते उमगले नसेल, तेव्हाच दोघांनी मिळून शोध घेण्यात अर्थ आहे. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडले होते की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून जास्त ठाऊक असते. हे न सांगता येणारे ज्ञान कागदावरून विकत घेता येत नाही, ते बरोबर काम करतानाच हस्तांतरित होते, आणि अंतराचा सर्वांत मोठा फटका बसतो तो नेमका त्यालाच.

याच पानावर आपले तंत्रज्ञान कितपत तयार आहे हेही नोंदवा. त्यासाठी नासाने विकसित केलेली नऊ पायऱ्यांची तयारीची मोजपट्टी जगभर वापरली जाते. पहिली पायरी म्हणजे मूलभूत तत्त्व लक्षात येणे आणि नववी म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली प्रणाली. प्रयोगशाळेतील माणूस "हे चालते" म्हणतो तेव्हा तो चौथ्या पायरीबद्दल बोलत असतो आणि विक्री करणारा तेच वाक्य उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात आठवी पायरी असते. भागीदारालाही त्याच्या वस्तूची पायरी आकड्यात सांगायला लावा, म्हणजे हा घोळ पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

दुसरा टप्पा: झेलणारा माणूस आधी ठरवा

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल या दोन संशोधकांनी १९९० मध्ये असे दाखवून दिले की बाहेरचे ज्ञान ओळखणे, आत्मसात करणे आणि धंद्यात वापरणे ही कंपनीची स्वतंत्र क्षमता असते आणि ती त्या विषयातील आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते. मराठीत आपण एखादी गोष्ट अंगात मुरली असे म्हणतो. ही क्षमता म्हणजे मुरवून घेण्याची क्षमता. ज्या कंपनीने त्या विषयात स्वतः थोडे तरी हात काळे केलेले नाहीत, तिला जगातील उत्तम भागीदार मिळाला तरी त्याचे बोलणे तिच्या डोक्यावरून जाते.

म्हणून भागीदाराच्या शोधाला निघण्यापूर्वी कंपनीतील एका माणसाचे नाव लिहा. हा माणूस तांत्रिक असावा, त्या अडलेल्या भागावर स्वतः काम केलेला असावा आणि आठवड्यातील किमान दीड दिवस त्याला या कामासाठी मोकळा देता यावा. दीड दिवस हा माझा अंदाज आहे, परंतु त्याहून कमी वेळात उत्तरे रेंगाळतात आणि पलीकडचा उत्साह मावळतो, हे मात्र खात्रीने सांगता येते. बहुतेक ठिकाणी ही जबाबदारी संस्थापक स्वतःकडे घेतात. पहिल्या भेटीसाठी ते ठीक आहे, कारण निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे असतो. पण पगार, गिऱ्हाईक आणि बँक यांतून त्यांना तांत्रिक पत्रव्यवहारासाठी सलग दोन तास मिळणे दुर्मीळ असते. नाव लिहिताना त्याखाली दुसरेही एक नाव लिहा. पहिला माणूस नोकरी सोडून गेला तर सगळे नाते त्याच्याबरोबर जाऊ नये, एवढाच त्याचा उद्देश.

असा माणूस कंपनीत नसेलच, तर थांबा. आधी सहा महिने तो विषय लहान प्रमाणावर स्वतः करून पाहा. फसलेला प्रोटोटाइपसुद्धा पुढे कोणते प्रश्न विचारायचे ते शिकवून जातो.

तिसरा टप्पा: शोध कुठे घ्यावा आणि कोणते अंतर तपासावे

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दुबळ्या नात्यांचे बळ दाखवून दिले. जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला माहीत असलेलेच माहीत असते, तर नवी माहिती तोंडओळखीच्या माणसांकडून येते. त्यामुळे जुने सहकारी, यंत्राचा पुरवठादार, मानक ठरवणाऱ्या समितीतील एखादा सदस्य किंवा प्रदर्शनात भेटलेला अभियंता यांना ते एक पान पाठवून "हे कोणाला जमेल?" एवढेच विचारावे. दुसरा मार्ग थोडा कष्टाचा, पण जास्त विश्वासार्ह आहे. आपल्या अडचणीशी जुळणारी पेटंटे आणि शोधनिबंध काढून त्यांवरील संशोधकांची नावे पाहावीत. काम सॉफ्टवेअरचे असेल, तर खुल्या रिपॉझिटरीचा, म्हणजे सर्वांना पाहता येणाऱ्या कोडच्या साठ्याचा, इतिहास वाचावा. असे साठे सांभाळणारी गिट ही प्रणाली २००५ मध्ये लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गरजेतून तयार झाली. तिच्यात कोणी कोणता बदल केव्हा आणि का केला, याची नोंद राहते. एखादा गट आपल्या कोडमधील चूक दाखवणारी तक्रार आल्यावर कसा वागतो, हे त्या इतिहासातून जेवढे कळते तेवढे कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

आता "दूर" या शब्दाकडे वळू. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन केंद्रांमधील अभियंत्यांचा संवाद मोजला. बसण्याच्या जागांमधील अंतर वाढते तसे तांत्रिक बोलणे झपाट्याने घटते आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे ते अगदी थोडे उरते, असे त्यांना दिसले. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा माणूसही एका अर्थाने दूरच असतो. आर्थिक भूगोलाचे अभ्यासक रॉन बोश्मा यांनी २००५ मध्ये जवळीक पाच प्रकारांची मानली: ज्ञानाची, संघटनात्मक, सामाजिक, नियम-व्यवस्थांची आणि भौगोलिक. त्यांच्या विवेचनातील उपयोगाचा भाग असा की भौगोलिक अंतराची भरपाई इतर जवळिकींनी होऊ शकते, आणि जवळीक अति झाली तर तीही घातक ठरते. ज्ञानाच्या बाबतीत दोघेही तंतोतंत सारखे असतील, तर एकमेकांना देण्यासारखे काही उरत नाही, आणि अगदीच वेगळे असतील, तर एकमेकांची भाषा समजत नाही.

व्यवहारात यातून एक साधी कसोटी निघते. संभाव्य भागीदाराबरोबरच्या पहिल्या तासाभराच्या बोलण्यात त्याने आपल्याला ठाऊक नसलेले काही सांगितले का, आणि ते आपल्या झेलणाऱ्या माणसाला समजले का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच पुढे जावे. भूगोलाचे अंतर आहेच, तेव्हा बाकी अंतरे फार असू नयेत. दुसऱ्या खंडातला, दुसऱ्या विषयातला, शंभरपट मोठा आणि कोणाच्याच ओळखीचा नसलेला भागीदार कितीही नामांकित असला, तरी पहिल्या अनुभवासाठी तो अयोग्य आहे. मोठ्या कंपनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी: आपल्याशी बोलणाऱ्या माणसाकडे स्वतःचा निधी आहे, की प्रत्येक गोष्टीसाठी त्याला वर विचारावे लागते? दुसऱ्या प्रकारात छोटी कंपनी वाट पाहूनच थकते.

चौथा टप्पा: मोठ्या करारापूर्वी एक छोटे काम

सहा ते आठ आठवड्यांत संपणारे, दोन्ही बाजूंना थोडा खर्च येणारे आणि निकाल स्पष्ट दिसणारे एक काम ठरवा. उदाहरणार्थ, आपल्या उपकरणातून गोळा केलेली मोजमापे भागीदाराला द्यावीत, त्याने आपली पद्धत त्यांवर चालवावी आणि दोघांनी निकाल एकत्र तपासावेत. या कामातून तांत्रिक यश मिळाले तर उत्तमच, पण पाहायचे असते ते वागणे. ठरलेली तारीख चुकणार असल्याचे तो आधी कळवतो की नंतर? वाईट निकाल स्वतःहून सांगतो का? प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे म्हणतो का? माझ्या मते या तीनांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत निर्णायक आहे. दूरवरून आपल्याला त्याची प्रयोगशाळा दिसत नसते, त्यामुळे अपयश लपवणाऱ्या भागीदाराचे खरे चित्र कळेपर्यंत वर्ष निघून जाते.

अशा लहान सुरुवातीचा मोबदला कधीकधी अनपेक्षितपणे मिळतो. जर्मनीतील बायोएनटेक आणि अमेरिकेतील फायझर यांनी २०१८ मध्ये फ्लूच्या एमआरएनए लसीसाठी करार केला होता. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या लसीसाठी हात मिळवताना दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची कामाची रीत ठाऊक होती. या कंपन्या आपल्या मापाच्या नाहीत, परंतु आधीच्या ओळखीमुळे वेळ वाचतो हे तत्त्व आकाराशी बांधलेले नाही.

पाचवा टप्पा: करार, आणि त्यात दडलेले सापळे

गोपनीयतेचा करार, म्हणजे एनडीए, सगळेच करतात. त्याच्या आधी काय करायचे ते मात्र विसरतात. युरोपीय पेटंट व्यवस्थेत अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला, तर नावीन्य गेले असे मानले जाते. संशोधकाने स्वतः प्रदर्शनात किंवा भाषणात तो सांगितला तरीही, अगदी मोजके अपवाद सोडता, सूट नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची मुदत मिळते. अशी मुदत देणाऱ्या देशातील एका भागीदाराने निर्धास्तपणे परिषदेत सादरीकरण केले आणि दुसऱ्याचा युरोपातील हक्क बुडाला, असे घडू शकते. म्हणून जाहीर बोलण्यापूर्वी किती दिवस आधी दुसऱ्या बाजूला मजकूर दाखवायचा, हे करारात लिहावे. १८८३ च्या पॅरिस कराराप्रमाणे एका सदस्य देशात पहिला अर्ज केल्यानंतर १२ महिन्यांच्या आत इतर सदस्य देशांत अर्ज केल्यास पहिली तारीख धरली जाते, त्यामुळे पहिला अर्ज वेळेत करणे सर्वांत महत्त्वाचे.

तो पहिला अर्ज कोठे करायचा हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. अमेरिका, भारत आणि चीन यांसह काही देशांत स्थानिक संशोधकाच्या किंवा तिथे घडलेल्या शोधाचा अर्ज परदेशात आधी करायचा असेल, तर परवानगी लागते. भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार निवासी व्यक्तीने परवानगी घ्यावी, किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे. शोधात दोन देशांतील माणसांचा हात असेल, तर दोन्हीकडचे नियम एकाच वेळी लागू होतात आणि परवानगीला लागणारा काळ वेळापत्रकात धरावा लागतो.

यानंतर मालकी. करारात दोन याद्या जोडाव्यात: सहकार्यापूर्वीच प्रत्येकाकडे असलेले तंत्रज्ञान आणि सहकार्यातून निर्माण होणारे तंत्रज्ञान. पहिल्या यादीकडे छोट्या कंपन्या हमखास दुर्लक्ष करतात, कारण कामाच्या उत्साहात ते कारकुनी वाटते. मात्र वर्षभरानंतर एखादा अल्गोरिदम आधीचा की नंतरचा यावर वाद होतो, तेव्हा तारखेसह जोडलेली तीच यादी उपयोगी पडते.

निर्माण होणाऱ्या गोष्टींबाबत "दोघांची समान संयुक्त मालकी" हे वाक्य मैत्रीपूर्ण वाटते, म्हणून ते सहज लिहिले जाते. ते धोकादायक आहे. अमेरिकेत वेगळा करार नसेल, तर पेटंटचा प्रत्येक सहमालक दुसऱ्याला न विचारता आणि नफ्यात वाटा न देता शोध वापरू शकतो, शिवाय तिसऱ्याला अनन्य नसलेला परवानाही देऊ शकतो. ब्रिटन, भारत आणि जपानमध्ये सहमालक स्वतः वापर करू शकतो, पण परवाना देण्यासाठी त्याला दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे तेच वाक्य एका देशात आपल्या स्पर्धकासाठी दार उघडते, तर दुसऱ्या देशात आपलेच हात बांधते. त्यापेक्षा प्रत्येक निष्पत्तीचा एकच मालक ठरवावा आणि दुसऱ्याला ठरावीक क्षेत्रात वापराचा पक्का परवाना द्यावा. उपकरण बनवणाऱ्याकडे उपकरणाशी निगडित शोध आणि पदार्थ बनवणाऱ्याकडे पदार्थाशी निगडित शोध, अशी विभागणी बहुधा टिकते. विद्यापीठे आणि कंपन्या यांच्या संयुक्त संशोधनासाठी ब्रिटनमध्ये २००५ पासून उपलब्ध असलेले लॅम्बर्ट नमुना करार मालकीचे वेगवेगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवतात, त्यामुळे वकिलाकडे जाण्यापूर्वी ते वाचून आपली पसंती ठरवता येते.

उरलेल्या कलमांपैकी चारांकडे लक्ष द्यावे. वाद झाल्यास परक्या न्यायालयापेक्षा लवाद बरा, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा १७० हून अधिक देशांत अंमलात आणता येतो, आणि न्यायालयीन निकालाला इतका व्यापक आधार नाही. तांत्रिक माहिती ईमेलने पाठवणे हीसुद्धा निर्यात ठरू शकते. शस्त्रे आणि लष्करी उपयोगही होऊ शकणाऱ्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या वासेनार व्यवस्थेत ४२ देश आहेत आणि तिच्या नियंत्रण-यादीत काही प्रकारचे एन्क्रिप्शन, सेन्सर आणि लेसरही येतात, म्हणून पहिली फाइल पाठवण्यापूर्वीच आपली वस्तू यादीत बसते का ते पाहावे. व्यक्तींची माहिती असलेला डेटा युरोपातून येत असेल, तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा, पाळावा लागतो. शक्य असेल तेथे ओळख पुसलेला डेटाच मागावा. चौथे, दोघांपैकी कोणी खुल्या परवान्याचा कोड वापरणार असेल, तर त्या परवान्याच्या अटी उत्पादनाला झेपतात का हे आधी तपासावे.

पैशांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येकाने आपापला खर्च करावा ही पद्धत सुरुवातीला सर्वांत सोपी. सार्वजनिक निधी घ्यायचा असेल, तर त्याच्या अटी रचनेवर परिणाम करतात: छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या युरोस्टार्स या युरोपीय कार्यक्रमात किमान दोन देशांतील दोन स्वतंत्र संस्था लागतात, कोणत्याही एका भागीदाराचा किंवा एका देशाचा वाटा ७० टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि प्रकल्प ३६ महिन्यांत संपवावा लागतो. निधी मिळावा म्हणून गरज नसलेला तिसरा भागीदार जोडण्याचा मोह मात्र टाळावा.

सहावा टप्पा: काम कोठे कापायचे

संगणकतज्ज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण असे की संस्था ज्या प्रणाली रचतात त्यांचा आकार त्या संस्थेतील संवादाच्या आकारासारखाच होतो. दोन ठिकाणी बसलेल्या दोन गटांच्या उत्पादनात दोन भाग आणि मध्ये एक शिवण असणारच. ती शिवण आपण होऊन अशा जागी ठेवावी जिथून कमीत कमी प्रश्न ये-जा करतील. रोज बदलणारा भाग एकाच ठिकाणी राहावा. दोघांनी एकाच मॉड्यूलवर अर्धे अर्धे काम करणे ही समतेची कल्पना म्हणून चांगली असली, तरी दूरच्या सहकार्यात ती फसते.

शिवणीवरचा दस्तऐवज, म्हणजे इंटरफेसची व्याख्या, हा साऱ्या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. त्यात प्रत्येक राशीचे नाव, एकक, मर्यादा, किती वेळाने ती येते आणि ती आली नाही तर काय करायचे हे असावे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण कंत्राटदाराचे सॉफ्टवेअर आवेग पाउंड-बल-सेकंदांत देत होते आणि नासाकडील सॉफ्टवेअर तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून चालले होते. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. दोन्ही गट निष्णात होते. चूक शिवणीत होती आणि ती पकडणारी चाचणी नव्हती. म्हणून इंटरफेसचा कागद लिहिला की त्याच दिवशी दोन्हीकडे चालणारी एक स्वयंचलित चाचणी तयार करावी आणि खरे घटक तयार होण्यापूर्वी नकली घटकांवर ती चालवावी.

साधनांच्या आवृत्त्यांबाबतही हेच लागू आहे. एअरबसच्या ए३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग असते; हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील गट एकाच आरेखन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत असल्यामुळे आखलेल्या तारा प्रत्यक्षात बसेनात आणि २००६ मध्ये कार्यक्रम लांबला. इतक्या मोठ्या कंपनीने तो फटका सोसला, छोटी कंपनी त्यात संपून जाईल. कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन), आरेखनाचे सॉफ्टवेअर आणि मोजमापाची उपकरणे यांच्या आवृत्त्यांची यादी करून ती दोघांनी एकाच दिवशी बदलावी. आणि तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिहाव्यात. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल यावर एखादा हप्ता चुकण्याइतके हास्यास्पद नुकसान दुसरे नाही.

सातवा टप्पा: देवाणघेवाणीची लय

शक्य असेल तर पहिली भेट समोरासमोर घ्यावी आणि ती प्रकल्पाच्या सुरुवातीला घ्यावी. बरेच जण प्रवासाचा खर्च शेवटच्या सादरीकरणासाठी राखून ठेवतात, परंतु विश्वासाची खरी गरज पहिल्या तीन महिन्यांत असते. भेटीत सभा कमी आणि बाकावर बसून केलेले काम जास्त असावे. भागीदार उपकरण कसे हाताळतो, कोणत्या आवाजाला दचकतो, कोणते मोजमाप पुन्हा घेतो, हे न सांगितलेले ज्ञान तिथेच दिसते. भेट जमत नसेल, तर व्हिडिओ कॉलवर सादरीकरणाऐवजी कॅमेरा थेट बाकावर धरून प्रयोग चालू असतानाच दाखवावा, फसलेला प्रयोगही.

नेहमीच्या संवादासाठी दोन्ही घड्याळांत सामायिक असलेले तास शोधावेत आणि अवघड वेळेचा भार आळीपाळीने घ्यावा. उन्हाळी वेळेचा घोटाळा लक्षात ठेवावा: अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि कित्येक देशांत ती बदलतच नाहीत. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेली बैठक एका तासाने सरकते आणि दोन्ही बाजू रिकाम्या खोलीत बसून एकमेकांना दोष देतात.

बैठक आठवड्यातून एक पुरते. बाकीचे लिहून चालावे. लिहिण्याची शिस्त अशी: प्रत्येक निर्णयाला एक परिच्छेद, त्यात काय ठरले, का ठरले, कोणते पर्याय सोडले आणि कोणती गोष्ट घडली तर निर्णय बदलायचा. शेवटचा भाग सहसा गाळला जातो, आणि तोच सहा महिन्यांनी उपयोगी पडतो. दोघांनाही परकी असलेली भाषा वापरली जात असेल, तर बैठकीतील होकाराला अर्थ देऊ नये; ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजले ते त्याच दिवशी आपल्या शब्दांत लिहून पाठवावे, आणि मतभेद निघतो तो तिथेच निघू द्यावा.

आठवा टप्पा: आलेले ज्ञान घरात मुरवा

इथपर्यंत सगळे नीट चालले, तरी एक धोका उरतोच. भागीदाराचा भाग उत्तम चालतो, आपला झेलणारा माणूस खूश असतो आणि कंपनीतील बाकीच्यांना तो भाग म्हणजे एक बंद पेटी असते. हॅराल्ड बाथेल्ट, आंदेर्स माल्मबेर्ग आणि पीटर मास्केल यांनी २००४ मध्ये ज्ञान कसे पसरते याचे स्थानिक गजबज आणि दूरवर जोडणाऱ्या नळवाहिन्या असे एक चित्र मांडले. नळाने आलेले पाणी गावात खेळवावे लागते, आणि एक नळ चालू ठेवायलाही बरेच श्रम लागतात. वीस माणसांच्या कंपनीला असे एक, फार तर दोन नळ झेपतात. सहा भागीदारांशी करार असल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या छोट्या कंपनीत बहुधा एकाशीही खरे काम चालू नसते.

मुरवण्यासाठी तीन सवयी लावाव्यात. पहिली: दर महिन्याला झेलणाऱ्या माणसाने एक तास सगळ्या तांत्रिक सहकाऱ्यांना नवे काय कळले ते सांगावे, आणि सांगताना भागीदाराचे शब्द न वापरता स्वतःचे वापरावेत. दुसरी: दर तिमाहीला भागीदाराकडून आलेला एखादा छोटा भाग त्याच्या मदतीशिवाय, फक्त कागदपत्रांवरून, आपल्याकडे पुन्हा तयार करून पाहावा. तो जमला नाही तर कागदपत्रात काय राहून गेले ते नेमके कळते, आणि तो प्रश्न विचारायला भागीदार अजून फोनवर असतो. तिसरी सवय खर्चिक आहे, पण तिला तोड नाही: एका अभियंत्याने काही आठवडे भागीदाराकडे जाऊन काम करावे आणि शक्य झाल्यास त्यांच्याकडचा एक इकडे यावा.

याच टप्प्यावर मूळ कल्पनेपेक्षा वेगळे काही सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. थंब आज्ञासंचाची मागणी कोणी यादीत लिहून दिली नव्हती. खर्चाबद्दलची एक हरकत होती. म्हणून भागीदाराच्या तक्रारींची वेगळी वही ठेवावी आणि तीन महिन्यांनी ती सलग वाचावी. वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळ्या शब्दांत आलेली एकच तक्रार अशा वाचनात ठळक दिसते, आणि पुढच्या उत्पादनाचा विषय बहुधा तीच असते.

नववा टप्पा: थांबण्याची तयारी

थांबण्याच्या अटी कामाला सुरुवात करतानाच लिहाव्यात, कारण तेव्हा दोघेही समजूतदार असतात. लागोपाठ दोन माइलस्टोन चुकले, पलीकडचा मुख्य माणूस बदलला, भागीदार कंपनी विकली गेली किंवा आपल्या स्पर्धकाने ती घेतली, तर काय करायचे ते त्यात असावे. विक्रीचे कलम विशेष काळजीने लिहावे: मालक बदलला तरी आपला परवाना टिकला पाहिजे, आणि भागीदाराचा स्रोत-कोड किंवा उत्पादनाची कृती त्रयस्थ विश्वस्ताकडे ठेवलेली असेल, तर ती कोणत्या घटनेनंतर आपल्या हाती येईल हे स्पष्ट असावे.

प्रत्यक्ष थांबायची वेळ येते तेव्हा पहिल्या आठवड्यात चार कामे उरकावीत. सामायिक रिपॉझिटरीची आणि निर्णयनोंदींची पूर्ण प्रत घ्यावी. इंटरफेसच्या चाचण्या शेवटच्या आवृत्तीवर एकदा चालवून निकाल दोघांनी सही करून ठेवावा. एकमेकांकडील नमुने आणि उपकरणे यादीनुसार परत करावीत. आणि दोन्हीकडच्या माणसांचे प्रणालींतील प्रवेश, त्यांत स्वयंचलित कामांसाठी दिलेल्या डिजिटल किल्ल्याही आल्या, त्याच दिवशी बंद करावेत. माणसांची खाती आठवणीने बंद होतात, या किल्ल्या मात्र वर्षानुवर्षे तशाच राहतात, म्हणून त्यांची नोंद पहिली किल्ली दिली त्या दिवसापासून ठेवावी.